आबांचं मृत्युपत्र: वकील शोधण्यापासून नोंदणीपर्यंत

आबांना मृत्युपत्र करायचं होतं. मिरज तालुक्यातलं शेत, विश्रामबागचं घर आणि आम्ही तीन भावंडं. पहिल्या वकिलांनी मालमत्तेच्या किमतीवर टक्केवारी मागितली! मृत्युपत्राला स्टँप ड्युटी नसते, नोंदणीही सक्तीची नाही, मग टक्केवारी कशाची?

मग विजयनगरच्या कोर्टात, जमिनीचे दावे चालवणाऱ्या एक वकीलबाई भेटल्या. मी आधीच विचारलं, "मॅडम, मसुदा, दुरुस्त्या आणि नोंदणीला सोबत येणं, सगळं मिळून किती?" ठरले 6,000, निम्मे आधी, उरलेले नोंदणीनंतर. पावतीही मागून घेतली.

सातबारा बघताच त्या म्हणाल्या, "आबा, वडिलोपार्जित जमिनीतला फक्त तुमचाच हिस्सा लिहिता येईल." आबा दोन दिवस गप्प होते. पण हेच नंतर कळलं असतं तर आम्ही भावंडं कोर्टात असतो. साक्षीदार दोन लागतात; ज्यांना काही मिळणार नाही असेच घ्या, असं त्यांनी सुचवलं. शेजारचे काका आणि आबांचे डॉक्टर आले.

दुय्यम निबंधक कार्यालयात जाताना मूळ आधार कार्ड घरीच राहिलं, तो हेलपाटा वेगळाच.