श्रीलंकेतील वन्यजीव पाहताना या चुका टाळा

श्रीलंका भारतापासून इतकी जवळ आहे की तिथले प्राणी आणि पक्षी आपल्या ओळखीचेच असणार, असे आपण गृहीत धरतो, आणि बहुतेक चुका याच समजुतीतून होतात. जेमतेम 65,610 चौरस किलोमीटरच्या या बेटावर तीसहून अधिक पक्षी असे आहेत, जे जगात अन्यत्र कुठेही नाहीत. जे प्राणी दोन्हीकडे आढळतात, त्यांचेही रूप आणि वागणे तिथे थोडे वेगळे असते.

सर्वांत घातक चूक हत्तींबाबत होते. सुळे नसलेला प्रत्येक हत्ती म्हणजे हत्तीण, असे समजून पर्यटक निर्धास्तपणे गाडी पुढे घ्यायला सांगतात. श्रीलंकेत मात्र बहुसंख्य नर मखना, म्हणजे सुळे नसलेले असतात. सुळेवाले नर दहांत एकही भरत नाहीत. त्यामुळे सुळ्यांवर न जाता शरीराची ठेवण पाहावी. नराच्या सोंडेचे मूळ जाड व फुगीर असते आणि पाठीमागचा भाग शेपटीकडे गोलाईने उतरतो, तर हत्तिणीचा मागचा भाग कोनदार, जवळजवळ चौकोनी दिसतो. डोळा आणि कान यांच्या मधोमध ओला काळपट ओघळ दिसला, तर तो नर माजावर आहे असे समजून गाडी लगेच मागे घ्यावी. उडवलावे उद्यानाच्या कुंपणालगत रस्त्याकडे तोंड करून उभे असलेले हत्ती पाळीव वाटतात, पण ते रानटीच आहेत. त्यांना फळे भरवणाऱ्यांनीच त्यांना तिथे उभे राहायची सवय लावली आहे, हे पाहून मन खरोखर विषण्ण होते.

हत्तींचा मोठा मेळावा पाहायला मिन्नेरिया तलावाकाठी जायचे असेल, तर ऑगस्ट-सप्टेंबर निवडावा. तिसऱ्या शतकात राजा महासेन याने बांधलेल्या या तलावाचे पाणी उन्हाळी कोरड्या दिवसांत ओसरते, उघड्या पडलेल्या काठावर कोवळे गवत उगवते आणि त्या गवतासाठी कळप एकत्र येतात. पाणी ओसरले नसेल तर गवतही नसते. अशा वेळी तिथेच ताटकळत न बसता जवळच्या कौडुल्ला उद्यानाची किंवा हुरुलू जंगलाची चौकशी करावी, कारण कळप या तिन्ही ठिकाणांमध्ये फिरत असतात.

श्रीलंकेत वाघ दिसेल ही आशा ठेवू नये. सिंहली भाषेत ‘कोटिया’ हा शब्द वाघासाठी वापरतात आणि तिथल्या बिबट्याच्या उपजातीच्या शास्त्रीय नावातही तोच शब्द आहे, त्यामुळे गोंधळ होतो. पण बेटाच्या जंगलात आज वाघ नाही. वाघ नसल्यामुळे बिबट्या हाच तिथला सर्वांत मोठा शिकारी आहे, आणि ‘याला’ नावाच्या राष्ट्रीय उद्यानात तो दिवसाढवळ्या कातळावर पहुडलेला दिसू शकतो. तो दिसल्याची बातमी फोनवर पसरताच सगळ्या जीप तिकडे धावतात आणि त्या गर्दीने तो उठून जातो. चालकाला आधीच सांगून ठेवावे की आपल्याला धावायचे नाही, पाणवठ्याजवळ शांत थांबायचे आहे. जून-जुलैत पलूची, म्हणजे खिरणीची फळे पिकतात, तेव्हा त्याच झाडांवर नजर ठेवल्यास अस्वल दिसण्याची शक्यता वाढते. यालाचा मुख्य विभाग दुष्काळी दिवसांत, साधारणतः सप्टेंबरमध्ये, बंद ठेवतात, म्हणून तारखा ठरवण्यापूर्वी खात्री करून घ्यावी.

रानकोंबडा दिसताच ‘हा तर आपलाच’ म्हणून पुढे जाणारेही पुष्कळ असतात. श्रीलंकेचा रानकोंबडा ही स्वतंत्र जाती असून तो त्या देशाचा राष्ट्रीय पक्षी आहे. लाल तुऱ्याच्या मधोमध असलेला पिवळा पट्टा ही त्याची खूण, आणि ती सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्यात नसते. नवरंग मात्र खरोखर आपलाच, फक्त तो तिथे हिवाळ्यातच भेटतो.

‘सिंहराजा’ नावाच्या वर्षावनात, ज्याला 1988 मध्ये जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, तासभर चालूनही एकही पक्षी न दिसल्याची तक्रार वारंवार ऐकू येते. तिथले अनेक पक्षी वेगवेगळ्या जातींच्या मिश्र थव्यांतून हिंडतात. थवा दूर असला की रान रिकामे वाटते, आणि तो आला की सातभाई, कोतवाल, निळी मॅगपाय असे कितीतरी पक्षी काही मिनिटांत डोक्यावरून जातात. म्हणून चाल वाढवण्यापेक्षा एका जागी थांबून कानोसा घ्यावा. जळवा चढतील म्हणून थांबायची भीती वाटत असेल, तर जळवांपासून बचाव करणारे उंच मोजे घालावेत.

रात्री घुबड शोधताना ध्वनिमुद्रित आवाज वाजवणे आणि डोळ्यांवर प्रखर प्रकाश टाकणे टाळावे. सेरेन्दिब स्कॉप्स या छोट्या तांबूस घुबडाचा अनोळखी आवाज पक्षीतज्ज्ञ दीपल वारकगोडा यांनी 1995 मध्ये ऐकला, पण पक्षी त्यांच्या दृष्टीस पडला तो 2001 मध्ये, आणि नवी जाती म्हणून त्याची नोंद 2004 मध्ये झाली. एका रात्रीच्या भेटीत तो नुसता ऐकू आला, तरी ती भेट फुकट गेली असे मानू नये.