शनिवारी बुलोनच्या बाजाराला

आम्ही इंग्लंडमधल्या केंटमध्ये राहतो, फ्रान्स समुद्रापलीकडे. एका दिवसासाठी जायचं तर मी शनिवारच निवडते, कारण फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या बुलोन-सुर-मेर या गावचा बाजार बुधवारी आणि शनिवारी सकाळी भरतो.

आधी पासपोर्ट काढून बघा. ब्रिटिश पासपोर्ट फ्रान्समध्ये शिरताना दहा वर्षांहून जुना नको, आणि परतीनंतर निदान तीन महिने चालणारा हवा. सासूबाईंचा पासपोर्ट भारतीय, त्यांना शेंगेन व्हिसा (फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून असलेला एकच व्हिसा) लागतो. त्याची तयारी खूप आधी करा.

डब्यात मेथीचे पराठे न्या. पनीर, दही, मांस मात्र ब्रिटनमधून नेता येत नाही.

केंटमधल्या डोव्हर बंदरातून फ्रान्समधलं कॅले बोटीने दीड तास. फ्रेंच घड्याळ तासभर पुढे, म्हणून सातची बोट साडेनऊला पोचते. पुढे बुलोन पस्तीसेक किलोमीटर. गाडी उजवीकडून चालवायची! बंदरातल्या गर्दीत हे आपोआप जमतं. पेट्रोल भरून रिकाम्या रस्त्याला लागलं की हात सवयीने डावीकडे वळतो, तेव्हा शेजारच्याने मोठ्याने 'उजवीकडे' म्हणावं. आमच्याकडे हे काम लेकीचं.

बाजारात मारवाल चीज घ्या. नारिंगी, ओलसर सालीचं, वास उग्र, पण चव सौम्य आणि खारट. एप्रिल २०२५ पासून युरोपातलं चीज ब्रिटनमध्ये आणायला बंदी आहे, म्हणून तिथेच संपवायचं. ताजा बगेत (लांबट फ्रेंच पाव) घ्या, जुन्या गावाच्या तटबंदीवर चढा आणि झाडाखाली बसून हातानेच तोडून खा.