गुप्तहेर गेममधला ओंगळ विनोद: लिहावा कसा आणि तपासात जुळवावा कसा

विनोदी पॉइंट-अँड-क्लिक (पडद्यावरील वस्तूंवर क्लिक करत खेळायच्या) गुप्तहेर गेममध्ये पादणे, ढेकर, थुंकी, उलटी आणि शौचालय या विषयांना मज्जाव नाही. उलट, गुन्ह्याचा तपास मुळातच डाग, वास आणि उष्ट्या-खरकट्यावर चालतो, त्यामुळे असा विनोद गेमच्या इतर कोणत्याही प्रकारापेक्षा येथे अधिक सहजपणे सामावतो. अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. नवशिके लेखक विनोद एका खोलीत आणि तपास दुसऱ्या खोलीत ठेवतात. गुप्तहेर पादतो, खेळाडू हसतो किंवा हसत नाही, आणि गोष्ट होती तेथेच राहते. म्हणून पहिल्या मसुद्यापासून एक कसोटी लावावी: ओंगळ प्रसंग काढून टाकला तर गुन्ह्याचा उलगडा अडला पाहिजे. अडत नसेल, तर तो प्रसंग कितीही हशा पिकवणारा असला तरी गाळावा.

सिएरा कंपनीच्या १९९३ च्या ‘फ्रेडी फार्कस: फ्रंटियर फार्मासिस्ट’ या गेममध्ये ही कसोटी चांगली उतरलेली दिसते. त्याचा नायक गुप्तहेर नसून औषधविक्रेता आहे, परंतु गावातील घोड्यांना जडलेला वायुविकार हे तेथे खरोखरचे संकट आहे आणि त्यावर औषध तयार करणे हे खेळाडूचे काम आहे. हसू आणि कोडे यांना एकमेकांपासून सोडवता येत नाही. आपल्याकडे तर लहान मुलेसुद्धा गोल करून बसतात आणि ‘कोण पादले’ याचा निकाल बोटे मोजत, गाणे म्हणत लावतात; संशयितांची रांग, चौकशी आणि निवाडा असा सगळा सरंजाम त्या खेळात असतो. मराठी लेखकाला हा प्रकार परका वाटण्याचे कारण नाही.

आता एक कोडे प्रत्यक्ष रचून पाहू. पुण्याच्या शनिवार पेठेत भाडेकरूंचा एक जुना वाडा आहे आणि गणेशोत्सवाच्या तोंडावर मंडळाच्या वर्गणीचा डबा रात्री अकरा ते बाराच्या दरम्यान नाहीसा झाला आहे. वाड्याच्या मागच्या अंगाला सर्वांसाठी मिळून एकच शौचालय आहे, त्याची कडी मोडलेली आहे आणि दारावर पाटी आहे: ‘आत असणाऱ्याने खोकावे. बाहेर असणाऱ्याने उत्तरादाखल खोकू नये, गैरसमज होतो.’ खेळाडू पहिल्याच दृश्यात ही पाटी वाचतो, हसतो आणि पुढे जातो. तपास सुरू झाल्यावर दोन भाडेकरू स्वतंत्रपणे एकच जबानी देतात: दुपारची मिसळ बाधल्यामुळे अकरा ते बारा आपण आत होतो. इतकी लाजिरवाणी सबब कोणी मुद्दाम कशाला रचेल, असे वाड्यातील सर्वांना वाटते, आणि म्हणूनच ती कोणी तपासलेली नसते. परंतु शौचालय एकच आहे, तेव्हा दोघांपैकी एक जण खोटे बोलत आहे.

पहिला धागा भिंतीवर सापडतो. तेथे खिळ्यांवर प्रत्येकाचे टमरेल टांगलेले आहे, बुडावर रंगाने नावाची आद्याक्षरे आहेत आणि एका टमरेलात कोळ्याने जाळे विणले आहे. त्याचा मालक मात्र ‘घाईत दुसऱ्याचे घेतले’ असे सांगून निसटतो, आणि पोटाची अवस्था पाहता ते पटण्यासारखेही असते. मग खेळाडू मागच्या खोलीतील आजींकडे वळतो. त्यांना झोप कमी आणि कान तिखट. ‘रात्रभर एकच जण खोकत होता,’ त्या सांगतात, ‘पण नाव नाही हो घेणार मी. आधीच बिचाऱ्याचे हाल, त्यात आणखी चारचौघांत शोभा कशाला?’ साक्षीदार आहे, परंतु शिष्टाचार आड येतो. येथे खेळाडूने स्वयंपाकघरातील सुक्या लाल मिरच्या कडकडीत तेलात टाकायच्या. ठसका वाड्यभर पसरतो, एकेक भाडेकरू खोकत बाहेर येतो आणि दाराआडून आजींचा आवाज येतो: ‘अगंबाई, हाच तो! काय रे, उतार पडला का पोटाला?’ खरा आजारी सुटतो, दुसरा अडकतो.

या रचनेत क्रमाकडे विशेष लक्ष द्यावे. ‘मंकी आयलंड’ या गेमचा रचनाकार रॉन गिल्बर्ट याने १९८९ मध्ये लिहिलेल्या एका लेखात ॲडव्हेंचर गेममधील, म्हणजे कोडी सोडवत गोष्ट पुढे नेणाऱ्या गेममधील, दोषांची झडती घेतली होती आणि त्यातील एक आग्रह असा होता की खेळाडूला आधी कुलूप दिसावे व मग किल्ली सापडावी. आपल्या वाड्यात याचा अर्थ असा की आजींचा नकार ऐकण्यापूर्वी मिरच्या तेलात टाकण्याची सोयच ठेवू नये. तोपर्यंत मिरच्यांवर क्लिक केल्यास ‘सध्या कोणावर एवढा राग नाही’ असे काहीतरी गुप्तहेराने म्हणावे. अन्यथा एखादा खेळाडू सहज चाळा म्हणून फोडणी देईल, सारे खोकतील, आणि त्या खोकण्याचा अर्थ कोणालाच कळणार नाही.

ओंगळ विनोदाचा एक गुण रहस्यकथेच्या फार उपयोगाचा आहे: माणूस हसला की त्याचे लक्ष सुटते. पाटीवर हसलेल्या खेळाडूला ती पाटी हा पुरावा आहे, अशी शंका येत नाही. पण लपवलेली वस्तू पुन्हा सापडण्याची वाटही ठेवावी लागते आणि त्यासाठी गुप्तहेराची वही उपयोगी पडते. हशा ओसरल्यानंतर तीच गोष्ट वहीत कोरड्या शब्दांत नोंदवलेली असावी. यासाठी पंचनाम्याच्या भाषेला तोड नाही. ‘पश्चिमेकडील भिंतीस खिळ्यावर उलटे टांगलेले पत्र्याचे टमरेल नग एक, आतून पूर्णपणे कोरडे, तळाशी कोळ्याचे जाळे, कोळी जागेवर हजर.’ वर्णन जितके सरकारी, तितके हसू अधिक. आणि खेळाडूला हवा तो तपशील, म्हणजे कोरडेपणा, त्यात उघड लिहिलेला असतो. गुप्तहेराने स्वतः कधीही हसू नये, डोळे मिचकावू नयेत, ‘वास बघा काय सुटलाय’ असे म्हणून खेळाडूला कोपराने ढोसू नये. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या वाटेल ते बोलतो आणि समोरचा माणूस ते गांभीर्याने घेतो. हशा त्या गांभीर्यावर येतो. गेममध्ये ते गांभीर्य गुप्तहेराकडे द्यावे आणि वात्रटपणा मदतनिसाकडे. लुकासआर्ट्स कंपनीच्या १९९३ च्या ‘सॅम अँड मॅक्स हिट द रोड’ मध्ये सूट-टाय घातलेला कुत्रा सॅम शांतपणे लांबलचक वाक्ये बोलतो आणि धुमाकूळ घालण्याचे काम त्याचा जोडीदार मॅक्स याच्याकडे असते. हीच वाटणी तेथे वेगळ्या वेषात दिसते.

थुंकीचा पुरावा पुण्यात वापरायचा असेल, तर त्यासाठी आयती सामग्री आहे. २०१८ मध्ये पुणे महापालिकेने रस्त्यावर थुंकणाऱ्यांना दंडाबरोबरच स्वतःची थुंकी पुसण्याची शिक्षाही द्यायला सुरुवात केली होती. गेममध्ये पानाची पिचकारी हा संशयित तेथे उभा असल्याचा पुरावा आहे आणि पालिकेचा कर्मचारी त्याच संशयिताला पकडून तो पुरावा त्याच्याच हाताने पुसायला लावत आहे, असा प्रसंग रचता येतो. मात्र डाग पुसला गेल्यामुळे खेळाडू कायमचा अडकता कामा नये. पुसणे तेव्हाच सुरू व्हावे, जेव्हा खेळाडूने डाग एकदा पाहून वहीत नोंदवलेला असेल.

हसू कोणावर आहे, हा प्रश्न मात्र निवांतपणे सोडवण्यासारखा आहे. १९८७ मध्ये आलेल्या ‘लेझर सूट लॅरी’ या मालिकेच्या पहिल्या गेममध्ये फजिती मुख्यतः लॅरीचीच होते, आणि तेवढा भाग आजही चालतो. परंतु स्त्रिया म्हणजे खेळात जिंकायची बक्षिसे, ही त्याची मांडणी आज खेळताना टोचते. आपल्या मातीत आणखी एक धोका आहे. महाराष्ट्रात मैल्याचा विषय जातीपासून सुटा नाही. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ मध्ये नव्याने करावा लागला, इतका तो प्रश्न ताजा आहे. त्यामुळे शौचालयाभोवतीच्या गेममध्ये सफाई कामगार हे पात्र असेल, तर त्याच्या अंगाला येणारा वास हा विनोदाचा विषय होऊ शकत नाही. माझ्या मते येथे तडजोडीला जागा नाही. तेच पात्र वाड्यातील सर्वांत जाणकार साक्षीदार असू शकते, आणि नाकाला रुमाल लावून त्याच्याशी बोलणारे प्रतिष्ठित कारभारी हे हसण्यासाठी उत्तम गिऱ्हाईक आहे. ज्याचा डौल मोठा, त्याचेच पोट बिघडवावे. तोतरेपणा, जाडी, काळा रंग आणि तृतीयपंथी व्यक्ती यांच्यावर बेतलेले विनोद हे ओंगळही नसतात, केवळ आळशी असतात.

शिव्यांविषयी थोडक्यात. २०१७ च्या ‘थिंबलवीड पार्क’ मध्ये दोन तपास-अधिकारी एका खुनाचा छडा लावतात आणि रॅन्सम नावाचा विदूषक इतक्या शिव्या देतो की त्याचे अर्धे बोलणे ‘बीप’ने झाकलेले असते, पुढे तो बीप काढून टाकणारा भाग वेगळा विकत मिळू लागला. झाकलेली शिवी खेळाडू मनात स्वतःच भरतो आणि लेखकापेक्षा चांगली भरतो. मराठीत हे आणखी सोपे आहे, कारण वाक्याचा सूर आणि शेवटचे क्रियापद कानावर पडले की मधली जागा आपोआप भरते.

क्लिकला मिळणाऱ्या उत्तरांवर मात्र भरपूर वेळ खर्च करावा. १९८७ च्या ‘मेनिअॅक मॅन्शन’ मध्ये पडद्याच्या तळाशी क्रियापदांची यादी असे, त्यामुळे ‘दार ढकल’, ‘दार ओढ’ अशा प्रत्येक जोडीला वेगळे उत्तर देण्याची संधी मिळे. ‘सॅम अँड मॅक्स’ने ती यादी काढून कर्सरच्या चित्रांवर काम भागवले. क्रियापदे थोडी असतील, तर विनोद वारंवार केलेल्या क्लिकमध्ये ठेवावा. समजा, आत कोणी असताना खेळाडू शौचालयाचे दार उघडू पाहतो. पहिल्या क्लिकला आतून खोकला यावा. दुसऱ्याला अधिक ठाम खोकला. तिसऱ्याला आवाज: ‘कोण आहे? काम असेल तर चिठ्ठी सरकवा.’ त्यानंतर कितीही वेळा क्लिक केले, तरी फक्त पहिला छोटा खोकला ऐकू यावा. तिसरे उत्तर दहा वेळा ऐकावे लागले, तर त्यातील गंमत पहिल्या हसण्यासकट मागे घेतली जाते. पादण्याच्या आवाजालाही हाच नियम आहे, किंबहुना अधिक कडक: तो संपूर्ण गेममध्ये एकदाच वापरावा, आणि तोही अशा क्षणी की त्या आवाजामुळे कपाटात लपलेला माणूस सापडेल.

देवनागरीत संवाद दाखवताना एक तांत्रिक खोडा येतो आणि तो थेट विनोदाच्या मुळावर घाव घालतो. अनेक गेममध्ये अक्षरे एकामागून एक उमटतात. संगणकाच्या दृष्टीने ‘कि’ म्हणजे आधी ‘क’ आणि मग वेलांटी, तर ‘ठसक्या’तील ‘क्या’ म्हणजे ‘क’, हलन्त, ‘य’ आणि काना; त्यामुळे साधा कोड वापरला तर अक्षरे उमटता उमटता उड्या मारतात, मधेच पाय मोडलेला ‘क्’ दिसतो आणि खेळाडूची नजर शेवटच्या शब्दावर पोहोचण्याऐवजी त्या उड्यांवर खिळते. संपूर्ण जोडाक्षर हा एक घटक धरावा किंवा शब्दच्या शब्द उमटवावा. २०२३ मध्ये आलेल्या गोडो ४ या गेम बनवण्याच्या साधनामध्ये जोडाक्षरे नीट जुळवण्याची व्यवस्था आहे. साधन कोणतेही असो, पहिले दृश्य रंगवण्याआधी ‘कर्त्याने’, ‘ठसक्यात’ आणि ‘निर्लज्ज’ हे शब्द निवडलेल्या फॉन्टमध्ये पडद्यावर आणून पाहावेत. हशा आणणारा शब्द वाक्याच्या शेवटी आणि शक्यतो ओळीच्या शेवटी पडेल, अशी ओळींची मोडणी हाताने करावी.

प्रकाशनाच्या वेळी हा विनोद लपवू नये. गूगल प्लेवर गेम ठेवताना आयएआरसी या वयोगट-मानांकन व्यवस्थेची प्रश्नावली भरावी लागते आणि तिच्या उत्तरांवरून वयोगट ठरतो. अमेरिकेतील ईएसआरबी ही मानांकन संस्था शौचालयी विनोदासह असभ्य चाळ्यांना एका शीर्षकाखाली नोंदवते आणि लैंगिक सूचकता असलेल्या प्रौढ विनोदाला दुसऱ्या. लिहितानाच आपला प्रत्येक प्रसंग यांपैकी कोणत्या खान्यात पडतो, हे ठरवून ठेवावे. टमरेलाच्या गेममध्ये एखादा चावट द्व्यर्थी संवाद केवळ मोहापायी घुसला, तर सारा गेम मोठ्या वयोगटाच्या खान्यात जाऊन पडू शकतो.

राहता राहिला खोकल्यांचा आवाज. ज्या कोड्याचा उलगडा कानावर आहे, ते कमी ऐकू येणाऱ्या खेळाडूलाही सोडवता आले पाहिजे, म्हणून प्रत्येक भाडेकरूच्या खोकल्याचे लेखन वेगळे असावे: एकाचा ‘खॉ-खॉ-खॉ’, दुसऱ्याचा घसा खाकरल्यासारखा ‘ख्याक्-हम्म’, तिसऱ्याचा संकोचलेला ‘उहुं’. शौचालयाच्या दारातून येणारा खोकला जसा लिहिला असेल, तसाच तो फोडणीच्या प्रसंगात अक्षरशः तोच उमटावा. चाचणीसाठी गेम दुसऱ्याच्या हाती दिल्यावर तो हसतो की नाही, याकडे पाहण्यापेक्षा तो खोकला उमटताच वही उघडतो की नाही, याकडे पाहावे.