संग्रहालयात काम करायचंय? नोकरी बदलण्याआधी या चुका टाळा

'पगार बरा आहे, पण मन रमत नाही.' संग्रहालयात कामाची चौकशी करायला येणाऱ्या बहुतेकांच्या तोंडी हे वाक्य असतं. कुणी आयटीत असतं, कुणी बँकेत, कुणी शाळेत इतिहास शिकवत असतं. त्यांची ओढ खरी असते आणि या क्षेत्राला अशा माणसांची गरजही आहे. तरी त्यातले कितीतरी जण वर्ष-दीड वर्षात हिरमुसून परत जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण यातल्या बऱ्याच चुका आधी कळल्या असत्या तर टळल्या असत्या.

दालन आवडलं, म्हणजे काम आवडेल असं धरून चालणं

सगळ्यात जास्त माणसं इथे फसतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात २०,००० हून अधिक वस्तू आहेत, त्यातल्या साधारण २,५०० दालनांत मांडलेल्या. कुठल्याही मोठ्या संग्रहालयात थोड्याफार फरकाने हेच चित्र असतं. न मांडलेल्या वस्तू भांडारात असतात आणि संग्रह सांभाळणाऱ्यांचा बराचसा दिवस तिथेच जातो.

साधा एक अडकित्ता घ्या. प्रेक्षक त्याच्यासमोर क्षणभर थांबतो आणि पुढे जातो. नोंद करणाऱ्याला तोच अडकित्ता अर्धा-पाऊण तास पुरतो. पितळी आहे की पंचधातूचा, पातं लोखंडी आहे का, लांबी-रुंदी, वजन, मुठीवर मोर आहे की पोपट, कुठल्या बाजूची नक्षी हाताने झिजली आहे, सांध्यातला खिळा मूळचा की नंतर बसवलेला, गंज आहे तो जुना आणि स्थिर की अजून पसरतोय. हे सगळं लिहून, फोटो काढून झालं की क्रमांक घालायचा. सहसा दिसणार नाही, पण शोधल्यावर सापडेल अशा जागी पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेचा पातळ थर द्यायचा, तो वाळला की त्यावर बारीक अक्षरात क्रमांक, आणि वर पुन्हा एक थर. उद्या चूक निघाली तर ॲसिटोनने तो पुसता येतो आणि मूळ धातूला धक्का लागत नाही. हस्तलिखितावर हाच क्रमांक मऊ पेन्सिलीने घालतात. साडीला सुती फितीवर लिहून ती फीत हलक्या हाताने टाचतात.

आणि मग पुढचा अडकित्ता.

हे वाचताना हात शिवशिवले असतील तर तुम्ही या कामाचे आहात. कंटाळा आला असेल तर त्यात कमीपणा काहीच नाही, पण नोंदणी विभागात जाऊ नका. पारख करायची तर घरातलीच दहा जुनी भांडी काढा आणि प्रत्येकाची अशी नोंद करा. दहाव्या भांड्याला तुम्ही पहिल्यापेक्षा जास्त बारकाईने पाहताय की कधी संपतंय याची वाट पाहताय, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

थेट 'क्युरेटर'च व्हायचं असा हट्ट

सरकारी भाषेत ज्याला अभिरक्षक म्हणतात ते पद मोजकंच असतं, आणि संग्रहालय काही एकट्या अभिरक्षकावर चालत नाही. जतन-संवर्धन करणारे असतात, वस्तूंच्या नोंदी सांभाळणारा रजिस्ट्रार असतो, शिक्षण विभाग असतो, मांडणी, प्रकाशयोजना, फोटोग्राफी, हिशेब, प्रकाशनं असतात. आपलं जुनं काम पुसून टाकून शून्यातून सुरुवात करायला निघणं ही मोठी नासाडी आहे.

रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला जतन प्रयोगशाळेत मान असतो, कारण ब्राँझवरचा हिरवा थर निरुपद्रवी की घातक हे ओळखायला रसायनशास्त्रच लागतं. आयटीतून येणाऱ्याला डिजिटल नोंदींचं काम आहे. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने तयार केलेली 'जतन' ही संगणकप्रणाली देशातल्या राष्ट्रीय पातळीवरच्या संग्रहालयांत वापरली जाते, पण तिच्यात माहिती नेटकी भरणारी माणसं कमीच पडतात. शिक्षकांचं तर विचारूच नका. चाळीस मुलांना एका मूर्तीसमोर पंधरा मिनिटं गुंतवून ठेवणं ही कला पुस्तकातून येत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाची फिरत्या संग्रहालयाची बस गावोगावच्या शाळांपर्यंत जाते, ती अशा माणसांच्या जोरावरच.

राजीनामा आधी, चौकशी नंतर

वस्तुसंग्रहालयशास्त्राचा देशातला पहिला विभाग बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ मध्ये सुरू झाला आणि आजही तिथली पदव्युत्तर पदवी वजनदार मानली जाते. मुंबईत वास्तुसंग्रहालयात संग्रहालयशास्त्र आणि जतन यांची पदव्युत्तर पदविका आहे, भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात कलेतिहास आणि क्युरेशनचा अभ्यासक्रम. नोकरी चालू ठेवून काय जमेल, कशासाठी पूर्ण वेळ द्यावा लागेल, वर्ग कोणत्या दिवशी असतात, हे आधी विचारा. त्याच काळात शनिवार-रविवारी एखाद्या संग्रहालयात स्वयंसेवक म्हणून जा. पावसाळ्यात गेलात तर उत्तम. दमट हवेत बुरशी, कसर आणि ओल यांच्याशी रोज कशी झुंज चालते, ते पाहिल्याशिवाय या कामाचा खरा अंदाज येत नाही.

पैशांचं सोंग आणता येत नाही, म्हणून हेही स्पष्ट सांगते. सुरुवातीची बरीच कामं कंत्राटी, एखाद्या प्रकल्पापुरती असतात. मुदत किती, ती वाढण्याची शक्यता किती, निधी कुणाचा, रजा आणि भविष्यनिर्वाह निधी आहे का, हे विचारायला लाजू नका. सरकारी पदाचा विचार असेल तर वय मोजा. राज्य सरकारच्या सरळसेवेत खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा साधारण ३८ आहे. चाळिशीत नोकरी बदलणाऱ्याने त्या जाहिरातींची वाट पाहत बसू नये. विश्वस्त संस्था, खासगी संग्रहालयं आणि कंपन्यांचे अभिलेखागार, म्हणजे जुनी कागदपत्रं जपणारे विभाग, हे रस्ते त्याच्यासाठी जास्त खुले आहेत.

मुंबईतल्या दोन-तीन मोठ्या नावांपलीकडे न पाहणं

सातारा जिल्ह्यात औंधला भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेलं श्री भवानी संग्रहालय आहे. नागपुरात १८६३ पासूनचा 'अजब बंगला', म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था, जुन्या गोव्यात ख्रिस्ती कला संग्रहालय, पुण्यात टाटा समूहाचं आणि विक्रोळीत गोदरेजचं अभिलेखागार. याशिवाय बँका, महाविद्यालयं, देवस्थानं यांच्याकडे मोलाचे संग्रह आहेत आणि ते नीट लावणारं कुणी नाही. छोट्या जागी पगार बेताचा असेल, पण सकाळी नोंद, दुपारी शाळेची सहल आणि संध्याकाळी नव्या कपाटाची आखणी असं सगळं हाताखालून जातं. मोठ्या संस्थेत हा अनुभव मिळायला वर्षं जातात.

'मला इतिहासाची आवड आहे' एवढ्यावर मुलाखत देणं

ती तर समोर बसलेल्या सगळ्यांनाच असते. त्यापेक्षा काहीतरी केलेलं घेऊन जा. गावातल्या वाड्याच्या कोरीव खांबांची नोंद, आजोळच्या पत्रांची सूची, अगदी त्या दहा भांड्यांचे तक्तेही चालतील. त्या संग्रहालयाच्या एखाद्या दालनात काय खटकलं तेही नम्रपणे सांगा. रेशमी कापडावर प्रखर दिवा दिसला तर विचारा. कापड, हस्तलिखितं, जलरंगातली चित्रं यांच्यासाठी साधारण ५० लक्स (उजेड मोजण्याचं एकक) इतकाच उजेड धरतात, आणि प्रकाशाने झालेली हानी भरून येत नाही. असा एक प्रश्न दहा प्रमाणपत्रांपेक्षा जास्त सांगून जातो.

तुम्ही स्वतः संग्राहक असाल, म्हणजे नाणी, ताम्रपट, पोथ्या जमवत असाल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा. ज्या प्रकारच्या वस्तू संग्रहालय जमवतं त्याच आपण खासगीत विकत घ्यायच्या, हे कर्मचाऱ्यासाठी व्यावसायिक नीतीत बसत नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली काय नोंदवावं लागतं हेही तपासून घ्या. नंतर उघड झालं तर विश्वास जातो, आणि या क्षेत्रात माणसं एकमेकांना ओळखतात.

आत आलात, तरी समाधान नाही?

क्षेत्र सोडण्याआधी नेमकं काय खुपतंय ते शोधा. दिवसभर माणसं भेटत नाहीत म्हणून जीव गुदमरत असेल तर शिक्षण विभागात बदली मागा. उलट रोजच्या गर्दीने थकला असाल तर भांडार किंवा ग्रंथालय तुमची जागा. काम आवडतंय पण वरचा माणूस ऐकून घेत नाही, असं असेल तर तो प्रश्न संस्थेचा आहे. तेच काम दुसऱ्या संस्थेत करून पाहा. आणि पगारच पुरत नसेल तर तसं मोकळेपणाने मान्य करा. आठवड्यातले दोन दिवस सल्लागार म्हणून काम करणारे, बाकी वेळ आपला जुना व्यवसाय सांभाळणारे चांगले लोक या क्षेत्रात आहेत.

बदली असो की राजीनामा, जाण्याआधी आपल्या ताब्यातल्या प्रत्येक वस्तूची स्थाननोंद पुरी करा: कपाट, फळी, खोका, क्रमांक. अर्धवट राहिलेल्या नोंदींची वेगळी यादी करून ती पुढच्या माणसाच्या हातात द्या, आणि शक्य असेल तर एक दिवस त्याच्याबरोबर भांडारात उभं राहून ती वाचून दाखवा. तुमच्या डोक्यात राहिलेली माहिती तुमच्याबरोबर गेली, तर वस्तू जागेवर असूनही हरवल्यासारखी होते.