टचपॅनेलचं बटण खोटं बोलायला नको

मीटिंग रूममधला प्रोजेक्टर, आवाज, लाइट चालवणारं टचपॅनेल पहिल्यांदा प्रोग्राम करताना सगळे आधी सॉफ्टवेअर उघडून रंग निवडत बसतात, मी पण बसायचो. आधी कागद घ्या. रूममध्ये येणारा माणूस काय करणार तेवढंच लिहा, लॅपटॉप दाखवणार, कॉल करणार, आवाज कमीजास्त करणार, लाइट मंद करणार, निघताना सगळं बंद करणार. झालं, बहुतेक रूमला एवढंच लागतं.

मग नंबरांची यादी, म्हणजे पॅनेलवरचं कुठलं बटण कोडमध्ये कुठल्या नंबराने ओळखायचं ते. क्रेस्ट्रॉन कंपनीच्या कंट्रोल सिस्टिममध्ये या नंबरांना जॉइन म्हणतात, डिजिटल म्हणजे चालू-बंद, अॅनालॉग म्हणजे कमीजास्त होणारा आकडा, ० ते ६५५३५, सिरियल म्हणजे मजकूर. एएमएक्स या दुसऱ्या कंपनीच्या सिस्टिममध्ये चालू-बंदला चॅनल आणि कमीजास्त आकड्याला लेव्हल, लेव्हल सहसा ० ते २५५. सोर्सची (लॅपटॉप वगैरे इनपुटची) बटणं ११ पासून, लाइटची ३१ पासून अशी मध्ये जागा सोडून लावा, कारण नंतर कोणीतरी "अजून एक इनपुट टाका ना" म्हणतंच.

आता खरी गोष्ट फीडबॅकची, म्हणजे मशीनची खरी स्थिती पॅनेलवर परत दिसण्याची. बटण दाबलं की लगेच पेटवायचं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात चुकीचा मार्ग. माझ्याकडून हेच झालेलं, पॅनेलवर प्रोजेक्टर चालू दिसतोय आणि पडदा काळा, कारण कंट्रोल केबलच निघाली होती आणि माझा कोड आपला खुशाल हो हो म्हणत होता. बटण दाबलं की फक्त कमांड जाऊ दे, दिवा मात्र मशीनने उत्तर दिल्यावरच लागू दे. पीजेलिंक (नेटवर्कवरून प्रोजेक्टरशी बोलायची ठरलेली पद्धत) चालणारा प्रोजेक्टर असेल तर त्याच्या ४३५२ नेटवर्क पोर्टवर दर काही सेकंदांनी पॉवर विचारत राहा, उत्तर ० म्हणजे बंद, १ चालू, २ थंड होतोय, ३ गरम होतोय. हे २ आणि ३ पॅनेलवर दाखवायलाच हवेत, "थांबा, सुरू होतोय" असं काहीतरी, नाहीतर लोक तेच बटण दहा वेळा ठोकतात. उत्तरच आलं नाही तर तसं स्पष्ट लिहा.

आवाजाच्या स्लायडरमध्ये एक गंमत आहे, बोट सरकत असताना फीडबॅक परत आला की स्लायडर मागेपुढे उड्या मारतो, म्हणून बोट उचलेपर्यंत तो फीडबॅक अडवून ठेवा. दाबून धरायची प्लस-मायनस बटणं असतील तर आपोआप थांबवणारा टायमर लावाच, कारण धरलेलं असतानाच नेटवर्क गेलं तर सोडल्याचा निरोप येतच नाही आणि आवाज चढतच राहतो. आवाजाची वरची मर्यादा पण डीएसपीमध्येच (आवाज प्रोसेस करणाऱ्या मशीनमध्येच) घालून ठेवा.

पॉपअप कमीत कमी, फक्त "सगळं बंद" ला खात्री विचारा.

एम्युलेटरवर (कॉम्प्युटरवरच्या नकली पॅनेलवर) छान चाललं म्हणून खूश होऊ नका, माउसचा बाण बारीक असतो, बोट नसतं. खऱ्या पॅनेलवर उभं राहून दाबून बघा, मग मुद्दाम प्रोजेक्टरची केबल काढा आणि पॅनेल काय म्हणतं ते बघा.