दुसरं महायुद्ध कसं पेटलं : उत्तर लिहिताना या चुका टाळा

‘1 सप्टेंबर 1939 ला हिटलरने पोलंडवर हल्ला केला आणि महायुद्ध सुरू झालं.’ वाक्य बरोबर आहे, पण उत्तराची सुरुवातच इथून केलीत तर त्याआधीची चार-पाच वर्षं गळतात. आणि प्रश्न बहुतेक वेळा त्याच वर्षांवर असतो.

सगळ्यात मोठा घोटाळा म्युनिकचा. ‘म्युनिक करारात चेकोस्लोव्हाकिया हिटलरला देऊन टाकला’ असं सर्रास लिहितात. सप्टेंबर 1938 मध्ये म्युनिकला ब्रिटन-फ्रान्सने हिटलरला दिला तो फक्त सुडेटनलँडचा, म्हणजे चेकोस्लोव्हाकियाच्या सरहद्दीवरचा पट्टा. राजधानी प्राग पडलं 15 मार्च 1939 ला. मधल्या साडेपाच महिन्यांत काय बदललं, ते नकाशा उघडल्याशिवाय कळत नाही. मार्च 1938 मध्ये ऑस्ट्रिया गिळल्यावर चेक मुलूख तीन बाजूंनी जर्मनीच्या कवेत आला होता. सरहद्दीवरचे डोंगर आणि तिथले पक्के बंकर होते नेमके याच पट्ट्यात. म्हणजे दार चौकटीसकट काढून दिलं. (आणि ज्यांचं दार, त्या चेकांना बैठकीत बसूही दिलं नाही!) मग प्राग घ्यायला लढावं लागलंच नाही, आणि चेक बनावटीचे रणगाडे जर्मनांनी पुढे पोलंड आणि फ्रान्सवर घातले.

‘1936 मध्ये ऱ्हाईनलँड जिंकलं’ हेही नको. तो प्रदेश जर्मनीचाच होता, तिथे फौज ठेवायला बंदी होती. ती बंदी मोडली.

23 ऑगस्ट 1939 चा नाझी-सोव्हिएत करार (त्यात दोघांनी पोलंड गुपचूप वाटून घेतलं होतं) विसरलात, तर 17 सप्टेंबरला पूर्वेकडून पोलंडमध्ये शिरलेली सोव्हिएत फौज कुठून आली, हे सांगता येणार नाही.

पोलिश घोडेस्वार भाले घेऊन रणगाड्यांवर धावले, ही दंतकथा. पोलंडमधल्या क्रोयांती गावाजवळ त्यांनी हल्ला केला तो जर्मन पायदळावर. चिलखती गाड्या मागून आल्या.

‘भारताने युद्ध पुकारलं’ असं तर लिहूच नका. 3 सप्टेंबरला व्हाइसरॉय लिनलिथगोंनी कुणाला न विचारता तसं जाहीर केलं, आणि त्याच कारणावरून मुंबई प्रांतातलं बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ बाहेर पडलं.

शिवाय आशियात जपान-चीन युद्धाच्या तोफा 7 जुलै 1937 पासूनच चालू होत्या. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्या युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले ते 1938 मध्ये, पोलंडवर हल्ला होण्याच्या वर्षभर आधी.