बिलावरच्या अटी: सोप्या मराठीत, पण कायद्याला धरून

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ ही ओळ दुकानदाराला भक्कम वाटते, पण माल सदोष निघाला की ती कुचकामी ठरते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि मुदत लिहिलीच नसेल तर 30 दिवस धरले जातात. त्यापेक्षा असे छापा: ‘वस्तू सदोष निघाल्यास 15 दिवसांत बिलासह आणा, बदलून देऊ किंवा पैसे परत करू. पसंत नाही म्हणून परत घेणार नाही.’ यात गिऱ्हाइकाला सगळे कळते आणि तुमची मुदतही ठरते.

उधारीची अट लिहिताना कोणी, किती आणि कधीपासून हे तिन्ही हवे. ‘विलंब झाल्यास 18% व्याज आकारण्यात येईल’ यात महिन्याला की वर्षाला, हेच नाही. वाद तिथेच सुरू होतो. ‘बिलाच्या तारखेपासून 30 दिवसांत पैसे द्यावेत. 31व्या दिवसापासून थकीत रकमेवर द.सा.द.शे. 18 व्याज द्यावे लागेल.’ एवढे पुरते. तुम्ही उद्यम नोंदणी (केंद्र सरकारकडची लघुउद्योगांची नोंदणी) असलेले सूक्ष्म किंवा लघु उत्पादक अथवा सेवा देणारे असाल, तर करारात काहीही लिहिले तरी खरेदीदाराला 45 दिवसांपलीकडे मुदत मिळत नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या ‘बँक रेट’ नावाच्या व्याजदराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ व्याज लागते. हेही एका वाक्यात छापा.

न्यायक्षेत्राच्या ओळीत ‘फक्त’ हा शब्द ठेवा: ‘वाद झाल्यास दावा फक्त पुण्याच्या न्यायालयात.’ मात्र व्यवहाराशी पुण्याचा काही संबंध हवा. नसलेला अधिकार तुमच्या छापील ओळीने न्यायालयाला मिळत नाही. ग्राहक तर स्वतःच्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाऊ शकतो, तिथे ही ओळ आड येत नाही. ‘चु.भू.द्या.घ्या.’ खुशाल राहू द्या, त्याने बिघडत काही नाही.

सगळ्यात मोठी गफलत जागेची होते. सौदा पक्का झाल्यावर हाती पडलेल्या बिलामागच्या अटी ‘मला आधी सांगितल्याच नव्हत्या’ म्हणून सहज नाकारता येतात. त्या कोटेशनवर किंवा ऑर्डर फॉर्मवर, सहीच्या वर, बाकी मजकुराएवढ्याच अक्षरात छापा आणि सही झालेली प्रत जपून ठेवा.